नागपुरी उन्हाळ्यात टिकेल असं काचेतलं रान

व्हिव्हेरियम, म्हणजे काचेच्या पेटीत झाडं आणि जीव जगवणारं छोटं रान, करायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आत बेडूक कोणता ठेवू? माझं उत्तर, निदान पहिलं वर्ष कोणताच नको. परदेशी व्हिडिओंत दिसणारे निळे-पिवळे डार्ट फ्रॉग साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लगाम ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार, CITES) यादीत आहेत, आणि वन्यजीव कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगायला सरकारदरबारी नोंदणी लागते. आपल्या रानातला बेडूक किंवा सरडा तर उचलून आणायचाच नाही. माती, झाडं आणि मातीतले बारीक जीव एवढ्यावर पेटी उत्तम चालते, आणि ती चालायला लागली की बघत बसावंसं वाटतं.

मी नागपुरात राहतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, हवा इतकी कोरडी की कुंडीतलं नेचं दोन दिवसांत कुरकुरीत होतं. 1829 साली लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीसकट काचेच्या बाटलीत ठेवला होता. त्या मातीत आपोआप नेचं आणि गवत उगवलं. शहराच्या धुरकट हवेत त्यांची नेची जगत नव्हती, बाटलीत मात्र जगली. आपल्याकडे धुराच्या जागी कोरडी झळ आहे, पण काच तेच काम करते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी माशांची टाकी सुरुवातीला पुरते. वर काचेचं झाकण, त्यात दोन इंचांची पट्टी जाळीची ठेवायची, म्हणजे हवा खेळते. जागा आधी पक्की करा, कारण भरलेली टाकी नंतर हलवणं धोक्याचं. खिडकीतलं थेट ऊन नको, काचेत उष्णता कोंडून झाडं शिजतात. पश्चिमेची भिंत नको, ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहत असाल तर सगळ्यात थंड खोली शोधा आणि पेटी होईल तितकी खाली ठेवा.

खरी मेहनत तळाची. सगळ्यात खाली दोन इंच लेका बॉल्स, म्हणजे भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या, किंवा विटांचे धुतलेले तुकडे. जादा पाणी इथे साचतं आणि मुळं त्यात बुडत नाहीत. एका कोपऱ्यात वायरिंगची पीव्हीसी पाइप उभी करा. तिचं खालचं टोक तिरकं कापा आणि वरचं मातीच्या वर येऊ द्या. पाणी फार झालं की त्यातून एअर पंपाची पातळ नळी सोडून ओढून घेता येतं. लेकावर नायलॉनची मच्छरजाळी अंथरा. लोखंडी जाळी गंजते.

मातीत आपली विदर्भातली काळी माती चिमूटभरसुद्धा घालू नका. शेतात ती सोनं आहे, पण पेटीत फुगून चिकट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. मी दोन भाग कोकोपीट, एक भाग नारळाच्या सालीचे तुकडे, एक भाग चाळलेलं पानांचं खत आणि अर्धा भाग लाकडी कोळशाचा चुरा घेतो. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून पाण्याचा तपकिरी रंग फिका होईपर्यंत धुवायचं. मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि एखाद-दुसरा थेंबच गळावा, इतकी ओल बरोबर. शेणखत नको, त्यावर चिलटं येतात.

मातीवर बदामाची वाळकी पानं पसरा. मला हा थर सगळ्यात प्रिय आहे. लाल होऊन गळलेली पानं रस्त्यावर कुठेही मिळतात. फवारणी न झालेल्या झाडाखालची घ्या, उकळा आणि गार करून टाका. पानांखाली स्प्रिंगटेल सोडायचे. पांढऱ्या ठिपक्याएवढे हे जीव बुरशी खातात. कल्चरच्या, म्हणजे स्प्रिंगटेल वाढवलेल्या, डबीत पाणी ओतलंत की ते पाण्यावर तरंगतात, फुंकर मारली तर टुणकन उडतात; ते पाणी तसंच पेटीत ओता. सोबत दहा-पंधरा आयसोपॉड. कुंडी उचलली की खाली पळणारे करडे, बहुपायी जीव असतात, त्यांचेच भाऊबंद. ते पानं कुरतडून खत करतात. आठवड्यातून काकडीची एक चकती द्या आणि उरलेली दुसऱ्या दिवशी काढून घ्या.

झाडं लहान पानांची निवडा: फिटोनिया, पेपेरोमिया, पायलिया, मागच्या भिंतीवर चढायला क्रीपिंग फिग, ओलसर कोपऱ्यात हंसराज. मनी प्लांट सहा महिन्यांत सगळी पेटी गिळतो. नर्सरीची माती मुळांवरून पूर्ण धुवा, तिच्यात गोगलगायींची अंडी आणि रासायनिक खताचे दाणे असतात. मॉस घराच्या कंपाउंडच्या भिंतीवरचं पावसाळ्यात खरवडून घ्या, जंगलातून आणू नका.

फवारणीला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात. सकाळी समोरच्या काचेवर थोडं धुकं दिसावं आणि दुपारपर्यंत निवळावं. दिवसभर काच धूसर राहिली तर झाकण सरकवा. पहिल्या काही आठवड्यांत पानांवर पांढरी कापसासारखी बुरशी येईल. घाबरून काही फवारू नका, स्प्रिंगटेल वाढले की ती जाते.

उन्हाळ्यासाठी माझी एक युक्ती. पेटीवरचा एलईडी दिवा एरवी दिवसा दहा तास चालतो. एप्रिलपासून टायमर फिरवून तो संध्याकाळी सहा ते पहाटे चार लावतो. दुपारी पडदे ओढलेल्या, कूलर चालू असलेल्या खोलीत पेटी अंधारात विसावते आणि दिव्याची उष्णता भर उन्हात पडत नाही. कूलरमुळे खोलीत ओल असतेच, म्हणून झाकण बोटभर उघडं ठेवायला हरकत नसते. आत थर्मामीटर लावा. 32 च्या वर काटा रेंगाळू लागला तर वरून छोटा पंखा सोडा.

पाऊस सुरू झाला की सगळं एकदम सुटतं. तेव्हा कात्री हातात घ्या. फिटोनियाची छाटलेली टोकं ओल्या कोकोपीटमध्ये खोचून ठेवा, पंधरा-वीस दिवसांत मुळं धरतात आणि शेजाऱ्याच्या पेटीची सोय होते.