उंच फांद्यांसाठी मोटारीचा पोल सॉ घेताय? या चुका टाळा

पोल सॉ म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला चेन लावलेली करवत. तो घ्यायला गेलं की दुकानात पहिली चौकशी होते ती मोटारीच्या ताकदीची. आधी बघायला हवं ते वजन, आणि तेही दांड्याच्या टोकाकडचं. बॅटरीचं मशीन एकूण चार-पाच किलोचं असतं आणि पेट्रोलचं साडेपाच ते आठ किलोचं. म्हणून बॅटरीचं हलकं, असा समज होतो. पण बॅटरीच्या आणि वायरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मोटार वरच्या टोकाला, चेनजवळ बसवलेली असते. पेट्रोलच्या मशीनमध्ये इंजिन हातापाशी राहतं आणि दांड्यातून शाफ्ट फिरतो. त्यामुळे चार किलोचं बॅटरीचं मशीनही पूर्ण लांब केल्यावर पुढे ओढतं आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. थकलेल्या हाताने धरलेला बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) फांदीवर घसरतो, आणि अपघात तिथेच होतो.

म्हणून विकत घेण्याआधी दांडा पूर्ण उघडा, बॅटरी लावा, मशीन तिरकं वर धरा आणि दोन मिनिटं तसंच ठेवा. हात थरथरले तर ते मशीन तुमच्यासाठी नाही. खांदापट्टा मिळतो का हेही विचारा. पेट्रोलच्या मशीनला तो हवाच.

जाहिरातीतल्या पोहोचीवर विसंबणं

‘१५ फूट पोहोच’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. त्यात बहुतेक वेळा माणसाची उंची आणि वर केलेले हातही धरलेले असतात. मशीनची स्वतःची लांबी वेगळी विचारून घ्या.

दांडा जमिनीशी ६० अंशांपेक्षा जास्त उभा धरायचा नसतो, नाहीतर कापलेली फांदी थेट अंगावर येते. या कोनात तीन मीटरचं मशीन उभ्या उंचीत साधारण २.६ मीटरच देतं. मागचा हात कमरेपाशी, म्हणजे जमिनीपासून १.१ मीटरवर धरला तर एकूण उंची ३.७ मीटर, म्हणजे सुमारे १२ फूट होते. चार मीटरचं मशीन याच हिशोबाने १५ फुटांपर्यंत जातं. त्याहून वरची फांदी असेल तर शिडीवर चढून पोल सॉ चालवण्याचा विचार मनातही आणू नका. दोन्ही हात मशीनवर असतात, शिडी धरायला एकही उरत नाही. अशा फांदीसाठी दोर आणि पट्टा वापरणारा झाडावर चढणारा माणूसच बोलवा.

घरून निघताना एक बांबू फांदीच्या बुडाला टेकवून मोजून घ्या. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स किंवा धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यांमधले कडुनिंब आणि आंबे बघितले की कळतं, खालच्या तीन-चार फांद्याच पोल सॉच्या कामाच्या असतात. तेवढ्यासाठी तो उत्तम आहे.

सर्वांत जाड फांदी बघून मशीन निवडणं

८ इंची बारने पुस्तकी हिशोबात ६ इंच जाडीची फांदी कापता येते, पण डोक्यावर धरून आरामात कापली जाते ती ३-४ इंचांची. घरच्या छाटणीत बहुतेक फांद्या याच जाडीच्या असतात. वर्षातून एखाद्या जाड फांदीसाठी १२ इंची बार घेतला तर त्याचं वजन उरलेल्या सगळ्या फांद्या कापताना सोसावं लागतं. बाभूळ, चिंच यांचं लाकूड कठीण. तिथे बॅटरीच्या लहान मशीनची मर्यादा आणखी खाली धरा.

उलट चूकही होते. पेन्सिलएवढ्या काड्यांना चेन लावली तर त्या कापल्या जात नाहीत, चेनमध्ये अडकून फटकारतात. त्यांना लांब दांड्याची, दोरीने ओढायची कातर बरी. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावं: वाळलेली बारीक सल कातरीने काढायची, चेन फक्त अंगठ्यापेक्षा जाड फांदीला. सल काढताना सुमारे दोन सेंटिमीटर हिरवा भाग सोबत घ्यायचा आणि कापाला बोर्डो पेस्ट लावायची (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर). रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना बार आणि चेन पुसून निर्जंतुक करा.

बॅटरीवरचा आकडा खरा मानणं

२० व्होल्ट ‘मॅक्स’ आणि १८ व्होल्ट ही एकच बॅटरी आहे. आतल्या पाच सेल पूर्ण चार्ज असताना २० ते २१ व्होल्ट दाखवतात आणि कामात १८ देतात. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त मशीनवर ‘४८’, ‘८८’ असे आकडे छापलेले असतात, आत मात्र त्याच पाच सेल निघतात. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, हा आकडा काढा. १८ व्होल्टची ४ अँपिअर-तासांची बॅटरी ७२ वॉट-तास देते आणि ३६ व्होल्टची २ अँपिअर-तासांचीही ७२च. आकडा मोठा म्हणून काम जास्त होतं असं नाही.

याच स्वस्त गटात ४ ते ६ इंची मिनी सॉला दांडा जोडून दिलेला असतो. बऱ्याच वेळा त्याला आपोआप तेल देणारा पंपच नसतो. दर काही कापांनंतर खाली घेऊन हाताने तेल घालावं लागतं, आणि ते कोणी घालत नाही.

आपल्या उन्हाचाही विचार हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. लिथियम बॅटरी इतक्या उष्णतेत चार्ज करू नये. गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर ठेवूच नका. काम सकाळी उरका, बॅटरी सावलीत थंड होऊ द्या, मग चार्जरला लावा. मशीन मध्येच बंद पडून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होत असेल तर बहुधा ते उष्णतेपासूनचं संरक्षण असतं. मशीन दाबून कापणं थांबवा आणि चेनला धार आहे का ते बघा.

तार जवळ असूनही ‘जरा सांभाळून’ कापणं

या मुद्द्यावर तडजोड नाही. पोल सॉचा दांडा विजेपासून संरक्षण देत नाही. ॲल्युमिनियमचा तर नाहीच, फायबरचाही धूळ आणि ओल बसल्यावर नाही. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेला स्पर्शही व्हावा लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. मशीनच्या पुस्तिका तारेपासून १० ते १५ मीटर लांब राहायला सांगतात. फांदी तारेवर आली असेल तर महावितरणला १९१२वर कळवा आणि लाइन बंद केल्याशिवाय हात लावू नका. खांबावरून घरात येणारी केबलही विसरू नका. फांदी नेमकी तिच्यावर पडते.

महापालिका हद्दीत मोठ्या फांद्या तोडण्याआधी उद्यान विभागाची परवानगी घ्या. झाड आपल्या कुंपणाच्या आत असलं तरी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्य कायदा त्याला लागू होतो. शिवाय फांदीवर घरटं किंवा आग्या मोहोळ आहे का हे मशीन सुरू करण्याआधी बघा, आवाजाने मोहोळ उठतं.

एका दमात, खोडालगत कापणं

वरून एकच काप दिला की फांदी अर्धी कापली जाते, वजनाने मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. मुनगा (शेवगा) आणि गुलमोहर यांचं लाकूड ठिसूळ, ते तर आवाज न देता तुटतं. पद्धत अशी:

१. फांदी लांब असेल तर बाहेरच्या टोकाकडून तुकडे पाडत आत या.

२. खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर खालून काप द्या, जाडीच्या चौथ्या भागाइतका. या कापात बारची वरची कड चालते आणि मशीन तुमच्याकडे ढकललं जातं, म्हणून पकड घट्ट हवी.

३. त्याच्या ३ ते ५ सेंटिमीटर बाहेर वरून पूर्ण कापा. फांदी स्वच्छ पडते.

४. उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर घेराच्या अगदी बाहेर कापा. घेर कापला तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो सडून कीड आत जाते.

बार फांदीत अडकला तर ओढू नका, दांड्याचा सांधा वाकतो. मशीन बंद करा, दोर किंवा बांबूने फांदी वर उचला, मग बार काढा. बारचं टोक आधी टेकवलं तर मशीन उसळतं. मशीनवरचा हूक फांदीला टेकवूनच काप सुरू करा. फांदीखाली उभं राहू नका, बघ्यांना १५ मीटर लांब ठेवा, आणि डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला गॉगल लावा. मान वर असते, भुसा सरळ डोळ्यांत येतो.

चेनकडे दुर्लक्ष

‘मशीन कापत नाही’ म्हणून दुरुस्तीला आलेल्या पोल सॉमध्ये मोटार बहुधा ठणठणीत असते. आधी काय पडतंय ते बघा. जाड ढलप्या पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर ती गेली. नवीन चेनही कापत नसेल आणि धूर निघत असेल तर चेन उलटी बसवलेली असते. बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे तोंड करून असायला हवी. काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दात जास्त घासले गेलेत. धार लावायला ३/८ इंच लो-प्रोफाइल चेनसाठी ४ मिलिमीटरची गोल कानस, ३० अंशांचा कोन, आणि प्रत्येक दातावर सारखेच हात.

ताण बघताना आधी बॅटरी काढा किंवा प्लगची टोपी ओढा आणि हातमोजे घाला. कव्हरचा नट अर्धा फेरा सैल करा, बारचं टोक वर उचलून धरा, खालची चेन खोबणीत बसेपर्यंत ताणाचा स्क्रू फिरवा आणि टोक उचललेलंच ठेवून नट आवळा. चेन लोंबायला नको, पण हाताने सहज सरकायला हवी. नवीन चेन दोन-तीन कापांनंतर पुन्हा तपासा. गरम चेन लांबते, म्हणून काम संपल्यावर ताण थोडा कमी करा.

तेल येतंय का हे कळायला बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून मशीन चालवा. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारमधलं तेलाचं भोक भुशाने आणि कडुनिंबाच्या डिंकाने बुजलेलं असतं. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, त्यातली धातूची भुकटी पंप खराब करते.

सुटी चेन घेताना फक्त ‘१० इंची’ सांगून भागत नाही. बारवरचा पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (खोबणीत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि खोबणीत बसणाऱ्या कड्यांची संख्या, तिन्ही लिहून न्या. १० इंची बारला कुठे ३९ कड्या लागतात, कुठे ४०.

पेट्रोलच्या मशीनच्या तक्रारी

टू-स्ट्रोकमध्ये ५०:१ सांगितलं असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-टी तेल, २५:१ असेल तर ४०. अंदाजाने ओतू नका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. पुस्तिकेतली इथेनॉलची मर्यादा बघा आणि महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. थ्रॉटल सोडल्यावरही चेन फिरत असेल तर आयडल स्क्रू कमी करा. तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग तपासून घ्या, तोवर मशीन वापरू नका. इंजिन फिरतंय पण चेन नाही, असं झालं तर आधी दांड्याचा सांधा उघडून शाफ्ट नीट बसलाय का ते बघा.