शेवटच्या रांगेतूनही वाचता येईल अशी मराठी स्लाइड कशी तयार करावी

मे महिना संपत आला की मराठवाड्यातील गावागावांत खरिपाच्या बैठका सुरू होतात. जागा म्हणजे बहुधा जिल्हा परिषद शाळेचा एखादा वर्ग नाहीतर देवळाचा सभामंडप. पडद्याच्या जागी चुन्याने रंगवलेली भिंत असते, खिडक्यांना पडदे नसतात आणि सकाळी अकराचे ऊन थेट त्या भिंतीवर आलेले असते. कार्यालयात संगणकावर अगदी देखणी वाटलेली स्लाइड अशा ठिकाणी उघडली की मागच्या रांगेतले लोक डोळे बारीक करून पाहतात आणि थोड्या वेळाने पाहणेच सोडून देतात. अशा बैठकांसाठी मी बरीच वर्षे सादरीकरणे तयार करत आलो आहे. त्या अनुभवावरून स्लाइडवरील मजकूर आणि मांडणी कोणत्या क्रमाने करावी, हे सोयाबीनच्या पेरणीवरील एका लहान सादरीकरणाच्या आधाराने येथे सांगतो. मेनूंची नावे पॉवरपॉइंटमधील आहेत. गुगल स्लाइड्स आणि लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये ती थोडी वेगळी असली तरी कामाची रीत तीच आहे.

आकार आणि मास्टर

मजकूर लिहिण्यापूर्वी स्लाइडचा आकार ठरवावा. डिझाइन टॅबमधील स्लाइड साइज या बटणाखाली १६:९ आणि ४:३ असे दोन पर्याय मिळतात. आजकाल नवी फाइल १६:९ या प्रमाणातच उघडते आणि तिचा आकार ३३.८७ सेंमी × १९.०५ सेंमी असतो. शाळेतील जुना प्रोजेक्टर ४:३ प्रमाणाचा असेल, तर १६:९ च्या स्लाइडच्या वर आणि खाली काळे पट्टे राहतात आणि चित्र तेवढे लहान होते. म्हणून प्रोजेक्टर कोणता आहे हे आयोजकांना आधीच विचारून घ्यावे. वीस स्लाइड झाल्यावर आकार बदलायला गेल्यास सगळी मांडणी हलते आणि ती पुन्हा बसवण्यात अर्धा दिवस जातो.

त्यानंतर व्ह्यू टॅबमधून स्लाइड मास्टर उघडावा. गुगल स्लाइड्समध्ये यालाच थीम बिल्डर म्हणतात. डाव्या पट्टीत सर्वांत वर दिसणारी मोठी स्लाइड हा मास्टर असतो आणि त्याखाली लहान आकारात त्याचे लेआउट असतात. मास्टरवर केलेला बदल खालच्या सगळ्या लेआउटमध्ये आणि त्यांवरून तयार झालेल्या प्रत्येक स्लाइडमध्ये आपोआप उतरतो. फॉन्ट, अक्षराचा आकार, ओळींमधील अंतर, रंग, संस्थेचे बोधचिन्ह आणि पान क्रमांक हे सगळे येथेच एकदा ठरवून टाकावे. बहुतेक जण ही पायरी वगळतात आणि प्रत्येक स्लाइडवर शीर्षक निवडून त्याचा आकार हाताने बदलत बसतात. मग एका स्लाइडचे शीर्षक ३८ पॉइंटचे, तर दुसरीचे ४४ चे होते आणि पुढची स्लाइड आली की शीर्षक जागेवरून उडी मारल्यासारखे दिसते.

मास्टरमध्ये ठरवलेले रूप स्लाइडवर टिकायचे असेल, तर मजकूर लेआउटने दिलेल्या चौकटीत, म्हणजे प्लेसहोल्डरमध्येच लिहावा. इन्सर्ट टॅबमधून आणलेला सुटा टेक्स्ट बॉक्स मास्टरमधील या चौकटींच्या रूपाशी जोडलेला नसतो. फरक पाहायचा असल्यास व्ह्यू टॅबमध्ये आउटलाइन व्ह्यू उघडावा. प्लेसहोल्डरमधील मजकूर तेथे दिसतो, टेक्स्ट बॉक्समधील दिसत नाही. दुसऱ्याने केलेली फाइल हातात आली की मी सर्वप्रथम हेच तपासतो. आउटलाइन रिकामी दिसली, तर ती फाइल दुरुस्त करण्याऐवजी नव्याने करायला घेतो, कारण त्यात वेळ कमी जातो. प्लेसहोल्डरमध्ये असूनही एखाद्या स्लाइडची मांडणी हाताने बिघडली असेल, तर होम टॅबमधील रीसेट दाबले की ती पूर्ववत होते.

अक्षर

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी प्रशिक्षणासाठी गेलो असताना मी माझी फाइल तिथल्या संगणकावर उघडली. पहिल्याच स्लाइडवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि कंस-स्वल्पविरामांचा खच पडलेला होता. मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जावीत यासाठीची संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला होता आणि तो फॉन्ट त्या संगणकावर नव्हता. त्या दिवशी फळा आणि खडूवर भागवले. तेव्हापासून जुन्या मजकुराचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करूनच तो स्लाइडवर घेतो.

आजच्या विंडोजमध्ये निर्मला यूआय हा युनिकोड फॉन्ट मुळातच असतो. मंगल जुन्या विंडोजमध्ये मुळातच असे, नव्या विंडोजमध्ये तो मराठी किंवा हिंदी भाषा जोडल्यावर येतो. तो अनेक संगणकांवर सापडतो, परंतु त्याच्या रेषा बारीक असल्यामुळे उजेडातल्या भिंतीवर तो पुसट वाटतो, असे माझे मत आहे. निर्मला यूआय त्यापेक्षा बरा. गुगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळणारे ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे दोन्ही फॉन्ट ठसठशीत दिसतात. संपूर्ण सादरीकरणात एकच फॉन्ट ठेवावा आणि शीर्षकासाठी त्याचेच ठळक रूप वापरावे. फॉन्ट बदलूनही मराठी अक्षर बदलत नसेल, तर फॉन्टची सविस्तर चौकट उघडून पाहावी. संगणकात मराठी ही संपादनाची भाषा म्हणून जोडलेली असल्यास तेथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी वेगळा रकाना दिसतो आणि देवनागरीचा फॉन्ट त्यातच बदलावा लागतो.

आपल्या बैठकांत सर्वाधिक वेळा येणारा शब्द म्हणजे ‘शेतकऱ्यांसाठी’, आणि स्लाइडवर सर्वाधिक वेळा चुकणारा शब्दही तोच. साधा र, हलन्त आणि य टंकले की ‘शेतकर्यांसाठी’ असे होते, म्हणजे सूर्यातला रफार शेतकऱ्याच्या डोक्यावर बसतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ (J) ही कळ दाबावी म्हणजे ऱ उमटतो. त्यानंतर ‘डी’ (D) दाबून हलन्त द्यावा आणि पुढे य लिहावा. शीर्षकातली ही चूक भिंतीवर हातभर मोठी होऊन दिसते.

आकाराचा हिशेब अंदाजाने न करता मोजून करता येतो. भिंतीवरील चित्र ६ फूट रुंद आणि शेवटची रांग ४० फुटांवर असेल, तर तो माणूस चित्राच्या रुंदीच्या सुमारे पावणेसातपट अंतरावर बसलेला असतो. चौदा इंची लॅपटॉपचा पडदा साधारण एक फूट रुंद असतो. म्हणजे स्लाइड पूर्ण पडद्यावर उघडून लॅपटॉपपासून पावणेसात फूट मागे उभे राहिले की आपण त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो असे समजावे. तेथून जो शब्द वाचता येत नाही, तो शाळेतही कोणाला वाचता येणार नाही. या कसोटीवर मला मुख्य मजकुरासाठी २८ पॉइंट आणि शीर्षकासाठी ४० पॉइंट योग्य वाटतात. २४ च्या खाली जाऊ नये.

आता ओळींमधील अंतर. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या ऑफिस थीममध्ये मुख्य मजकुराचे हे अंतर ०.९ पट ठेवलेले असते. रोमन लिपीला ते पुरते, कारण तिच्या अक्षरांच्या वर-खाली फारसे काही नसते. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफार एकमेकांत अडकतात. मास्टरमध्ये मजकुराची चौकट निवडून पॅराग्राफच्या संवादपेटीत लाइन स्पेसिंग मल्टिपल करावे आणि १.१ किंवा १.२ हा आकडा द्यावा. परिच्छेदानंतर ८ ते १० पॉइंट जागा सोडावी. एक्झॅक्टली हा पर्याय टाळावा, कारण त्यात आकडा कमी पडला की ओळी थेट एकमेकींवर चढतात.

सजावटीच्या काही सवयी मात्र पूर्ण सोडाव्यात. अधोरेखित केलेल्या शब्दाखालची रेघ उकार आणि ऋकारांना कापत जाते. अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. तिरके अक्षर ही मराठीची परंपरा नाही. संगणक ते नुसते वाकवून दाखवतो. दोन्ही कडा सरळ करणारे जस्टिफाय संरेखनही नको, कारण ‘बियाण्यासाठीच्या’सारखा लांब शब्द पुढच्या ओळीत गेला की आधीच्या ओळीत खिंडारे पडतात. एखाद्या शब्दावर भर द्यायचा असेल तर तो ठळक करावा, तेवढे पुरते.

एक स्लाइड, आधी आणि नंतर

माझ्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या एका स्लाइडचे शीर्षक होते ‘सोयाबीन लागवड तंत्रज्ञान’ आणि त्याखाली १६ पॉइंटमध्ये एकच परिच्छेद होता: ‘सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यानंतरच करावी, तत्पूर्वी घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासून ती किमान ७० टक्के असल्याची खात्री करावी, पेरणी ४५ × ५ सेंमी अंतरावर व ३ ते ४ सेंमी खोलीवर करून एकरी ३० किलो बियाणे वापरावे.’ मजकुरात चूक काहीच नव्हती. परंतु बोलणारा पावसाविषयी बोलत असताना ऐकणारा किलोच्या आकड्यापाशी पोहोचलेला असतो आणि दोघांची गाठ काही पडत नाही.

अक्षर १६ पॉइंटचे का झाले, हेही पाहण्यासारखे आहे. लिहिणाऱ्याने ते निवडलेले नव्हते. चौकटीत मजकूर मावेना, तेव्हा पॉवरपॉइंटने ऑटोफिट वापरून तो स्वतःच आक्रसून घेतला. असे झाले की चौकटीच्या डाव्या कोपऱ्याखाली एक लहान चिन्ह दिसते. त्यावर क्लिक करून ‘स्टॉप फिटिंग टेक्स्ट टू धिस प्लेसहोल्डर’ निवडावे. अक्षर मूळ आकाराला येते आणि जास्तीचा मजकूर चौकटीबाहेर सांडतो. हा सांडलेला भाग म्हणजे पुढच्या स्लाइडचा ऐवज असतो.

त्या एका स्लाइडच्या तीन झाल्या. पहिलीचे शीर्षक ‘७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरा’. विषयाचे नाव देण्याऐवजी शीर्षकातच सांगणे आल्यामुळे खाली मजकुराची गरज उरली नाही आणि तिथे पर्जन्यमापकाचे छायाचित्र मोठे करून लावता आले. दुसरीचे शीर्षक ‘१०० पैकी ७० दाणे उगवायला हवेत’, आणि खाली ओल्या गोणपाटावर ओळीत मांडलेल्या दाण्यांचे छायाचित्र. तिसऱ्या स्लाइडवर फक्त तीन आकडे घेतले: ४५ × ५ सेंमी, ३ ते ४ सेंमी आणि एकरी ३० किलो. आकडे ५४ पॉइंटचे आणि त्यांखाली ‘अंतर’, ‘खोली’, ‘बियाणे’ ही नावे २८ पॉइंटमध्ये. शीर्षक दोन ओळींत जात असेल, तर ते कोठे मोडायचे हे संगणकावर सोडू नये. ‘७५ ते १००’ वरच्या ओळीत आणि ‘मिमी’ खालच्या ओळीत पडणे बरे नाही. योग्य शब्दानंतर शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबावे, म्हणजे नवा परिच्छेद न होता केवळ ओळ बदलते.

मुद्दे द्यायचेच असतील तर बुलेट हाताने टंकू नये. डॅश आणि मोकळ्या जागा देऊन केलेल्या यादीत दुसरी ओळ बुलेटच्या खाली घसरते. होम टॅबमधील बुलेटचे बटण वापरले की ती मजकुराखालीच राहते. मुद्द्याच्या सुरुवातीला टॅब दाबल्यास तो उपमुद्दा होतो आणि शिफ्टसह टॅब दाबल्यास परत वर येतो.

मांडणी

तिफणीने पेरलेल्या रानात एखादा तास वाकडा गेला तर तो धुऱ्यावरूनच दिसतो. स्लाइडवरही तसेच होते. तीन आकड्यांपैकी मधला दोन मिलिमीटर खाली असेल, तर नेमके काय चुकले हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. अशी संरेखने डोळ्यांनी करू नयेत. तिन्ही चौकटी शिफ्ट दाबून एकत्र निवडाव्यात, अरेंजमधील अलाइन उघडून आधी अलाइन टॉप आणि मग डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली द्यावे. ऑल्ट आणि एफ९ दाबल्यावर मार्गदर्शक रेषा दिसतात. त्या मास्टरमध्येच चारही कडांपासून दीड-दोन सेंटीमीटर आत ओढून ठेवाव्यात आणि त्यांच्या बाहेर काहीही ठेवू नये. शेतातही बैल वळवायला धुऱ्याकडेला जागा सोडावीच लागते.

मुख्य मजकूर डावीकडून सरळ ठेवावा. मध्यभागी आणलेले परिच्छेद वाचताना प्रत्येक ओळीची सुरुवात शोधावी लागते. तक्ता दिल्यास सहा ओळींपेक्षा मोठा नको, आणि त्यातील आकडे उजवीकडून जुळवावेत, म्हणजे एककाखाली एकक येते. छायाचित्र लहान-मोठे करताना कोपऱ्यातूनच ओढावे. बाजूच्या टोकाने ओढले की माणसे एकतर चपटी होतात किंवा लांबोडकी.

पहिल्या स्लाइडचा प्रश्न आपल्याकडे नाजूक असतो. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सरपंच आणि आयोजक अशा सगळ्यांची नावे आणि छायाचित्रे त्यावर हवीच असतात. मान्यवरांना नाराज करून चालत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावर मी काढलेला तोडगा असा, की शीर्षकाची स्लाइड मोकळी ठेवायची आणि सत्कार चालू असताना भिंतीवर राहील अशी मान्यवरांची स्वतंत्र स्लाइड तिच्या आधी लावायची.

रंग आणि शेवटची तपासणी

अंधाऱ्या सभागृहात गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छान दिसतात. उन्हाच्या खोलीत मात्र प्रोजेक्टरचा काळा रंग काळा राहत नाही, कारण भिंतीवर पडलेले ऊन प्रोजेक्टरला पुसता येत नाही. अशा ठिकाणी पांढरी पार्श्वभूमी आणि काळी किंवा गर्द निळी अक्षरे वापरावीत. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी वापरल्या जाणाऱ्या जागतिक निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ इतका रंगविरोध (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट) सांगितला आहे. पण ते गणित चांगल्या पडद्यासाठी आहे. उन्हाच्या भिंतीसाठी त्याहून बराच जास्त ठेवावा. पांढऱ्यावर पिवळे आणि हिरव्यावर लाल हे दोन प्रकार तर कधीच नकोत.

फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडायची असल्यास फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या क्रमाने जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’वर खूण करावी. त्यासोबत पीडीएफ प्रतही पेन ड्राइव्हवर ठेवावी, कारण फॉन्ट सापडला नाही तरी पीडीएफमधील अक्षर बदलत नाही. बैठकीच्या ठिकाणी अर्धा तास आधी पोहोचून सर्वांत जास्त मजकूर असलेली स्लाइड भिंतीवर लावावी, शेवटच्या रांगेत जाऊन सतरंजीवर बसावे आणि ती स्वतः मोठ्याने वाचून पाहावी. उभ्याने वाचू नये. समोरच्या टोप्या आणि पदर स्लाइडचा खालचा किती भाग झाकणार, ते बसल्यावरच कळते.