लिव्हरच्या पेशीत डाय शिरतो कसा, निघतो कसा: प्रयोगाच्या आदल्या दिवशीची तयारी

हिपॅटोसाइटवर फ्लुरोसंट डाय टाकायचा असेल तर पेशींना हात लावायच्या आधी एक गोष्ट पक्की करा, बघायचंय काय, डाय आत शिरताना की पित्ताच्या बाजूला बाहेर पडताना. ही ने-आण पेशीच्या पडद्यातली प्रोटीन, म्हणजे ट्रान्सपोर्टर, करतात; रक्ताच्या बाजूने आत घेणारे ओएटीपी१बी१, ओएटीपी१बी३, एनटीसीपी हे वेगळे आणि पित्तात टाकणारे एमआरपी२, बीएसईपी वेगळे. रोटर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात ते दोन्ही ओएटीपी बिघडलेले असतात, डुबिन-जॉन्सन या दुसऱ्या आजारात एमआरपी२, आणि रक्तात दोन्हीकडे कॉन्ज्युगेटेड बिलिरुबिनच (लिव्हरने पित्तात टाकण्याजोगं केलेलं पिवळं द्रव्य) वाढलेलं दिसतं, म्हणून नुसत्या एका आकड्यावर समाधान मानू नका.

मग डाय निवडा. सीडीएफ डायअसिटेट बहुतेक लॅबमध्ये असतोच, पण त्यावरून अपटेकचा, म्हणजे डाय आत शिरण्याचा, निष्कर्ष काढायचा नाही, प्लीज. तो स्वतः चमकत नाही, पेशीच्या पडद्यातून आपोआप आत झिरपतो, आतले एस्टरेज एन्झाइम त्याला तोडून सीडीएफ करतात, तेव्हा तो चमकतो आणि एमआरपी२ त्याला पित्तनलिकेत ढकलतो, म्हणजे तो बाहेर पडण्याच्या प्रयोगाचा डाय झाला. शिरण्यासाठी सोडियम फ्लुरोसिन घ्या, तो ओएटीपी१बी१ आणि १बी३ मधून जातो. इंडोसायनिन ग्रीन घेणार असाल तर आधी चमक मोजणाऱ्या प्लेट रीडरला ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा फिल्टर आहे का बघा, शिवाय तो प्रोटीनला घट्ट चिकटतो, त्यामुळे मीडियममध्ये सीरम राहिलं की आकडे बदललेच.

पेशींचं म्हणाल तर हेपजी२ (लिव्हरच्या कॅन्सरपासून लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) सहज मिळतात पण त्यांच्यात ओएटीपी फारच कमी, त्यात डाय गेला नाही तर त्यातून काहीच कळत नाही. प्रायमरी, म्हणजे थेट लिव्हरमधून काढलेल्या, हिपॅटोसाइट घ्या, आणि बाहेर पडणं बघायचं असेल तर सँडविच कल्चर, खाली कोलॅजेन वर मॅट्रिजेल, चार-पाच दिवस द्या. फेज कॉन्ट्रास्टखाली दोन पेशींच्या मधोमध चकचकीत रेघा दिसल्या की पित्तनलिका तयार झाल्या, दिसल्या नाहीत तर प्रयोग पुढे ढकला.

बफर दोन बनवायचे आणि इथे घाई नको. दोन्ही एचबीएसएसच (पेशींसाठीचं क्षारांचं द्रावण), फिनॉल रेड हा रंग नसलेले, एकात कॅल्शियम-मॅग्नेशियम, दुसऱ्यात तेच नाही, वर कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए. पेशींमधले टाइट जंक्शन, म्हणजे शेजारच्या पेशींना जोडून नलिका बंद ठेवणारे सांधे, कॅल्शियमवर टिकून असतात, त्यामुळे बिनकॅल्शियमच्या बफरमध्ये दहा मिनिटं ठेवलं की ते उघडतात आणि नलिकेत साठलेला डाय धुतला जातो. कॅल्शियमवाल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) पेशी अधिक नलिका, दुसऱ्यात फक्त पेशी, दोघांची वजाबाकी केली की पित्तात किती गेलं ते हातात येतं, अख्ख्या प्रयोगात मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. एक सेट ३७ अंशांवर आणि एक बर्फावर ४ अंशांवर ठेवायचाच, थंडीत ट्रान्सपोर्टर जवळपास थांबतात, तरी जो डाय दिसतो तो बराचसा नुसता चिकटलेला असतो.

इनहिबिटर, म्हणजे ट्रान्सपोर्टर रोखणारं औषध, म्हणून ओएटीपीसाठी रिफॅम्पिसिन, एमआरपीसाठी एमके-५७१, आणि ते विरघळवणारं डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये, कंट्रोलमध्येसुद्धा, सारखाच. रिफॅम्पिसिन मुळात लालसर, फ्लुरोसिनला लागणारा निळा प्रकाश ते स्वतःच शोषतं, म्हणून पेशी नसलेल्या एका वेलमध्ये डाय आणि रिफॅम्पिसिन एकत्र टाकून चमक किती पडते ते बघून ठेवा, नाहीतर अपटेक रोखलं असं वाटेल आणि प्रत्यक्षात फक्त प्रकाश अडलेला असेल.

अपटेकचे आकडे पहिल्या एक-दोन मिनिटांतलेच धरा, नंतर बाहेर पडणंही त्यात मिसळतं, त्यामुळे वेळेवर अपटेक थांबवायला बर्फासारखा गार बफर आणि मल्टिचॅनल पिपेट हाताशीच हवं. स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणातल्या डायची चमक) पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्येच करा, फ्लुरोसिनची चमक पीएचवर अवलंबून असते. आणि प्रत्येक वेलमधलं थोडं लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) प्रोटीन मोजायला बाजूला काढा, पेशी सगळीकडे सारख्या चिकटत नाहीत, मिलिग्रॅम प्रोटीनमागे किती डाय हे काढल्याशिवाय दोन प्लेटची तुलना करता येत नाही.