बॉयलर निकामी होऊ नये म्हणून तपासणी आणि देखभाल कशी करावी

10 बार दाबावर चालणाऱ्या बॉयलरमधील पाणी सुमारे 184 अंश सेल्सिअसला असते. कवच फाटून दाब एकाएकी उतरला, तर त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा क्षणात वाफ होतो, आणि वातावरणीय दाबाला एक लिटर पाण्याच्या वाफेला सुमारे 1,600 लिटर जागा लागते. त्यामुळे संरक्षक उपकरण प्रत्यक्ष काम करायला लावून पाहावे. नोंदवहीत ‘ठीक’ असा शेरा मारणे म्हणजे तपासणी नव्हे.

सर्वाधिक लक्ष पाण्याच्या पातळीवर हवे. पातळी उतरून नळ्या उघड्या पडल्या की ज्वाळेची उष्णता वाहून नेणारे पाणी तेथे उरत नाही, पोलाद लाल होते आणि त्याची ताकद जाते. म्हणून दर पाळीच्या सुरुवातीला गेज ग्लास (पातळी दाखवणारी काच) ब्लो करावी, म्हणजे वाफ आणि पाणी सोडून तिचे मार्ग साफ करावेत: ड्रेन कॉक उघडून आधी पाण्याचा कॉक बंद करावा म्हणजे वाफेचा मार्ग साफ होतो, मग तो उघडून वाफेचा कॉक बंद करावा म्हणजे पाण्याचा मार्ग मोकळा होतो, शेवटी वाफेचा कॉक उघडून ड्रेन बंद केल्यावर पाणी झटकन मूळ पातळीला आले पाहिजे. ते रेंगाळत चढले तर मार्गात गाळ साचू लागला आहे असे समजावे. चालू बॉयलरच्या काचेतील पाणी किंचित हलत असते. ते अगदी स्थिर दिसले, तर त्या पातळीवर विश्वास ठेवू नये.

कमी पातळीला बर्नर बंद करणारा स्विचही असाच तपासावा. बर्नर चालू असताना फ्लोट चेंबर (पातळीबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या गोळ्याची पेटी) ब्लो केल्यावर ज्वाळा विझलीच पाहिजे. मात्र पाण्याच्या जोरदार झोताने अडकलेला फ्लोटही हलू शकतो. म्हणून ठरावीक काळाने, जाणकाराच्या देखरेखीखाली, फीड पंप (बॉयलरला पाणी पुरवणारा पंप) बंद ठेवून पातळी सावकाश उतरवून पाहावी. काचेत पाणी दिसेनासे झाले, तर इंधन ताबडतोब तोडावे आणि पंप मुळीच सुरू करू नये, कारण तापलेल्या पोलादावर थंड पाणी पडणे अधिक घातक ठरते. बॉयलर आपोआप निवू द्यावा आणि तपासणीशिवाय पुन्हा पेटवू नये.

पाण्याच्या दर्जामुळे होणारे नुकसान हळूहळू होते, म्हणूनच ते दुर्लक्षित राहते. क्षारांचा थर उष्णता अडवतो आणि त्याखालची नळी अतितप्त होऊन फुगते. त्यामुळे सॉफ्टनरमधून (पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या यंत्रातून) आलेल्या पाण्याचा कठीणपणा रोज मोजावा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू नळ्यांना खड्डे पाडतो. 25 अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम असतो, तर फीड टाकी 85 अंशांवर ठेवल्यास बराच कमी होतो. उरलेल्यासाठी रसायन वापरावे. ब्लोडाऊन (क्षार साचलेले थोडे पाणी बाहेर सोडणे) अंदाजाने न करता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजून करावा.

सेफ्टी व्हॉल्व्हचा लिव्हर, दाब निर्धारित दाबाच्या (ज्या दाबाला व्हॉल्व्ह उघडतो त्याच्या) किमान 75 टक्के असताना, उचलून पाहावा. त्याहून कमी दाबाला उचलल्यास बैठकीवर कचरा अडकून तो गळू लागतो. गळणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळणे किंवा त्यावर वजन टांगणे हा सरळसरळ जीवाशी खेळ आहे.

भट्टीतील स्फोट हा वेगळा धोका. पेटवण्याचा प्रयत्न फसला की न जळलेले इंधन आत साचते. म्हणून पूर्ण परज (पंख्याने हवा सोडून भट्टीतील वायू बाहेर काढणे) झाल्याशिवाय, आणि बिघाड शोधल्याशिवाय, पुन्हा पुन्हा रीसेट दाबू नये. फोटोसेल (ज्वाळा ओळखणारा सेन्सर) बाहेर काढून झाकल्यावर बर्नर काही सेकंदांत बंद होतो ना, हेही पाहावे. बॉयलर स्वच्छ असताना धुराचे तापमान लिहून ठेवावे. तेवढ्याच भारावर ते 20 अंशांनी वाढले, तर काजळी किंवा क्षार जमले आहेत.

वार्षिक तपासणीसाठी बॉयलर सावकाश निववून मॅनहोल उघडावा. आत माणूस जाण्यापूर्वी वाफ, पाणी आणि इंधनाच्या लाइन बंद करून त्यांना कुलपे लावावीत आणि आतील हवा तपासावी. नळ्यांची टोके, ट्यूबप्लेटवरील (नळ्यांची टोके बसवलेल्या पत्र्यावरील) तडे आणि वेल्डचे सांधे बारकाईने पाहावेत. दाबचाचणी पाण्यानेच करावी, दाबलेल्या हवेने कधीही नाही. नवे गॅस्केट बसवून बॉयलर तापवताना सांध्यांवर लक्ष ठेवावे. गळती दिसल्यास दाब पूर्ण उतरवूनच बोल्ट आवळावेत.