गाण्याच्या व्हिडिओसाठी शॉट निवडायचे कसे?

अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात आम्ही विद्यार्थ्यांनी ओवीच्या चालीवरचं एक गाणं शूट केलं होतं. जुना वाडा होता, जातं होतं, दळायला गावातल्या आजी तयार होत्या. एडिटिंगला बसलो तेव्हा लक्षात आलं, जिकडंतिकडं वाडाच दिसतोय. गाणारीचा चेहरा जवळून एकदाही घेतला नव्हता. ‘माय’ हा शब्द येतो तिथं लावायला शॉटच नव्हता. म्हणून सांगतो, जागा बघायला निघण्याआधी गाणं ऐकायला बसा.

कागदावर तीन रकाने आखा: वेळ, ओळ आणि काय दिसायला हवं. मुखडा, अंतरे, मधलं म्युझिक वेगवेगळं लिहा. मग ठेका मोजा. मिनिटाला 120 ठोके असतील तर चार ठोक्यांना 2 सेकंद लागतात, 80 असतील तर 3. शॉट कुठं बदलायचा याचा अंदाज इथूनच येतो.

आता प्रत्येक ओळीला विचारा, बघणाऱ्याला इथं काय कळायला हवं? जागा कळायला हवी असेल तर वाईड, म्हणजे लांबून सगळं दाखवणारा शॉट. माणूस काय करतोय ते दाखवायचं तर मिड, म्हणजे साधारण कमरेपासून वरचा. मनातलं चेहऱ्यावर आलं असेल तर क्लोजअप, अगदी जवळून. मात्र क्लोजअप पहिल्याच कडव्यात उधळू नका. गाण्यातली सगळ्यात जड ओळ शोधा आणि सगळ्यात जवळचा शॉट तिच्यासाठी राखून ठेवा.

जात्याचंच बघा. लांबून फक्त वाकून बसलेली बाई दिसते. जवळ गेलात की खुंट्यावर घट्ट बसलेली मूठ दिसते, ज्वारी वैरताना मनगटावर सरकणाऱ्या बांगड्या दिसतात, पाळीवरून भुरभुर गळणारं पीठ दिसतं. आजींना दळू द्या, गाणं मोठ्यानं लावा. जात्याचा फेरा हळूहळू ठेक्यावर येतो. हे तीन शॉट सलग लावले तर वेगळी कलाकुसर लागत नाही.

गाणारीकडून पूर्ण गाणं किमान तीनदा म्हणून घ्या, वाईडमध्ये, मिडमध्ये आणि क्लोजअपमध्ये. स्लो मोशनमध्येही ओठ जुळायला हवे असतील तर सेकंदाला 50 फ्रेमवर शूट करताना गाणं दुप्पट वेगानं वाजवा. एडिटिंगमध्ये सेकंदाला 25 फ्रेमवर आणलं की बरोबर बसतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं.

देवगिरीचा किल्ला किंवा वेरूळ मनात असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. माझं मत विचाराल तर पहिल्या व्हिडिओला तुरीचं रान आणि एसटी स्टँड पुष्कळ झालं. मे महिन्यात दुपारचं शूटिंग टाळाच; ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. सकाळी नऊच्या आत चेहरे उरकून घ्या.

शूटिंगच्या दोन दिवस आधी मोबाइलवर प्रत्येक शॉटचा साधा फोटो काढा आणि गाण्याखाली क्रमानं लावून बघा. कंटाळा येतो तिथला शॉट बदला. शेवटी यादी पुन्हा लिहा, पण गाण्याच्या क्रमानं नव्हे, जागेच्या क्रमानं. जात्याचे सगळे शॉट एका बैठकीत झाले म्हणजे आजींना दुसऱ्यांदा दळायला बसवावं लागत नाही.