अडीचशे चौरस फुटांच्या घराला खिडक्या: आधी वारा, मग भिंत, मग माप

दहा बाय चौदाची एक खोली, आठ बाय आठचं स्वयंपाकघर आणि चार बाय आठचं न्हाणीघर-संडास. घरकुल असो, गावठाणातला अर्धा गुंठा असो की शेतातलं घर, साधारण एवढंच बांधलं जातं. एवढ्या घरात पलंग कुठे टाकायचा, कपाट कुठे उभं करायचं आणि मे महिन्यात रात्री झोप लागणार की नाही, हे खिडक्यांच्या जागेवरून ठरतं. तरीही खिडकीचा विचार बहुतेक जण प्लास्टर झाल्यावर, फॅब्रिकेटर माप घ्यायला आला की करतात. तो चार बाय चारची दोन ट्रॅकची स्लायडिंग सुचवतो, आपण हो म्हणतो. इथेच चूक होते. सोळा चौरस फुटांच्या त्या खिडकीची एकच बाजू एका वेळी सरकते, म्हणजे वाऱ्याला मिळतात जेमतेम ८ चौरस फूट.

लहान घरात खिडकी मोजायची ती उघडते किती यावर, चौकट केवढी आहे यावर नाही.

वारा कुठून येतो ते आधी बघा

जोतं झालं की, निदान भिंती कमरेएवढ्या आल्या की, दुपारी चार ते सातच्या दरम्यान जागेवर उदबत्ती लावून उभे राहा. धूर कुठे जातो ते तीन-चार दिवस बघा. हवामानाच्या नकाशावर वारा पश्चिमेचा असेल, पण शेजारच्या दुमजली भिंतीला आपटून तो तुमच्या बोळात भलत्याच दिशेने शिरू शकतो. नकाशापेक्षा धुरावर विश्वास ठेवा.

वारा आत येतो त्या भिंतीतली खिडकी खाली हवी, जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर, म्हणजे झुळूक अंगावर येते. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायची जागा उंच हवी. गरम हवा वर साठते, ती तिथूनच निघते. बाहेर जायचं तोंड आत येण्याच्या तोंडाहून लहान ठेवू नका. पुढे मोठी खिडकी आणि मागे बोटभर झरोका ठेवला की वारा दारातच थबकतो.

दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक असतील तर पुढचं दार आणि मागची खिडकी एवढाच मार्ग उरतो. पण रात्री दार बंद होतं आणि वाराही बंद होतो. त्यासाठी दारावर, लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) वर, तीन फूट रुंद आणि एक ते सव्वा फूट उंच व्हेंटिलेटर ठेवा. तो स्लॅबपासून सहा इंचांच्या आत असावा. पत्र्याच्या घरात तर हे सोडूच नका. पत्र्याखाली तापलेली हवा कोंडून राहते आणि खालची खिडकी कितीही मोठी केली तरी ती हवा निघत नाही. जुन्या धाब्याच्या घरांना साणं, म्हणजे छतातलं भोक, होतं आणि कौलारू घरात कौलांच्या फटीतून हवा निघून जायची. स्लॅब आला आणि ही वरची वाट बुजली, ती आपल्याला मुद्दाम परत द्यावी लागते.

खोलीला एकच मोकळी भिंत असेल तर मध्यभागी एक रुंद खिडकी करण्यापेक्षा भिंतीच्या दोन टोकांना दोन अरुंद खिडक्या करा. एकीतून हवा येते, दुसरीतून जाते. दोन शक्य नसतील तर एकच उंच खिडकी, खाली आणि वर दोन्हीकडे उघडणारी, चालेल.

किती मोठी

राष्ट्रीय इमारत संहितेत खोलीच्या क्षेत्रफळाशी खिडकीचं प्रमाण दिलं आहे. उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश, मध्यम हवामानात एक अष्टमांश, उष्ण-कोरड्या हवामानात एक दशांश. यात दार धरत नाहीत आणि खिडकीचा काही भाग कायमचा बंद असेल तर उघडणाराच भाग धरतात. आपल्या १४० चौरस फुटांच्या खोलीला कोकणात २३, पुण्याकडे साडेसतरा आणि विदर्भात १४ चौरस फूट लागतात.

कोकणातले २३ चौरस फूट बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या तीन बाय चारच्या दोन खिडक्यांत सहज बसतात. तेवढाच वारा दोन ट्रॅकच्या स्लायडिंगमधून हवा असेल तर चार बाय चारच्या तीन खिडक्या लागतील. दहा बाय चौदाच्या खोलीत तीन भिंती खिडक्यांना दिल्यावर कपाट कुठे ठेवणार? पुण्याकडे तीन बाय चारची एक आणि दोन बाय तीनची एक पुरते. विदर्भात तीन बाय तीनची एक आणि दोन बाय अडीचची एक. तिथे मोठी खिडकी म्हणजे एप्रिल-मेमध्ये दिवसभर भट्टीचं तोंड उघडं ठेवल्यासारखं होतं. दिवसा खिडक्या बंद, संध्याकाळी सगळ्या सताड उघड्या, हाच तिथला रिवाज बरोबर आहे. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, आणि हद्दीवरच्या भिंतीत खिडकीला सहसा परवानगी मिळत नाही, तेव्हा नकाशा मंजुरीला टाकण्याआधी हे बघून घ्या.

भिंतीच भार पेलणार असतील तर खिडकी कोपऱ्यापासून किमान दीड-दोन फूट लांब ठेवा आणि एका भिंतीतल्या दारं-खिडक्यांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त होऊ देऊ नका. १९९३ च्या भूकंपानंतर लातूरकडे आणि कोयनेच्या पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको. लिंटेल दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच तरी भिंतीत गेला पाहिजे, म्हणजे तीन फुटांच्या खिडकीला चार फुटांचा.

ऊन

दक्षिणेच्या खिडकीला लोक उगीच घाबरतात. महाराष्ट्रात ती सावलीत ठेवणं सगळ्यात सोपं. पुण्याचं गणित बघा. २१ मार्चच्या सुमारास भर माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून साधारण ७१ अंशांवर असतो. दीड फुटाचा छज्जा त्या वेळी चार फूट उंचीची सगळी खिडकी झाकतो. पुढे उन्हाळ्यात सूर्य आणखी वर जातो, म्हणजे ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तो ४८ अंशांपर्यंत खाली येतो. तेव्हा तोच छज्जा वरचे पावणेदोन फूटच झाकतो आणि खालच्या सव्वादोन फुटांतून कोवळं ऊन खोलीत पसरतं. दीड फूट काँक्रीटमध्ये उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सांभाळले जातात. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे काढा.

पश्चिमेचं ऊन मात्र आडवं येतं, छज्जा त्याला अडवू शकत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊसही त्याच बाजूने, नैऋत्येकडून झोडपतो. पश्चिमेला खिडकी हवीच असेल तर अरुंद आणि उंच करा आणि छज्जाला दोन्ही बाजूंना उभे पाखे द्या. काळी काच लावून ऊन थांबत नाही. काच स्वतः तापते, उष्णता आत सोडते आणि वर बाराही महिने दिवसा दिवा लावावा लागतो. दुहेरी काचेचे पैसेही वाचवा, आपल्याकडे खिडक्या वर्षाचा बराच काळ उघड्याच असतात.

उंबरा आणि सामान

भिंतीवर खडूने पलंग, कपाट, फ्रीज आखून घ्या आणि मगच खिडकी आखा. पलंगाच्या डोक्याशी खिडकी असेल तर तिचा उंबरा, म्हणजे खालची कड, तीन फुटांवर हवा. नाहीतर पहिल्या पावसात उशा भिजतात. उलट एक खिडकी मुद्दाम दीड फुटावर घेतली आणि नऊ इंची भिंतीवर कडप्प्याची फरशी आत चार-पाच इंच पुढे काढली, तर ती दोन माणसांची बसायची जागा होते. मुलं अभ्यासाला तिथेच बसतात. एवढ्या खाली मात्र टफन (तापवून मजबूत केलेली) काच घ्या, आणि गजांमधली फट चार इंचांहून कमी ठेवा. आडवे गज लावू नका, मुलं शिडीसारखे वापरतात.

बोळाकडे तोंड असेल तर बाहेर उघडणारी झडप येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळावर बसते. तिथे उंबरा पाच फुटांवर घेऊन दीड फूट उंचीची आडवी खिडकी करा. आब राहतो आणि खालची भिंतही सामानाला मोकळी मिळते.

स्लायडिंग की झडप

झडप जवळजवळ पूर्ण उघडते, बंद केली की रबरावर घट्ट बसते, पाणी-धूळ कमी येते. अडचण होते ती ग्रिल आणि मच्छरजाळीच्या क्रमाची, आणि हे ऑर्डर देताना कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेर उघडणाऱ्या झडपेला सगळ्यात बाहेर काच, मग ग्रिल, मग आत जाळी. रात्री पाऊस आला की आधी जाळी उघडायची, गजांतून हात घालायचा आणि झडप ओढायची. म्हणून जाळी बिजागरीवर किंवा सरकणारी घ्या, स्क्रूने पक्की बसवलेली नको. मुठीसमोर गज येणार नाही असं ग्रिल आखून घ्या. झडपेला फ्रिक्शन स्टे (झडप उघडी धरून ठेवणारी पट्टी) किंवा निदान हूक हवाच, नाहीतर वळवाच्या पहिल्या वाऱ्यात काच फुटते. तीन फुटांच्या खिडकीची दीड फुटाची प्रत्येक झडप ५ मिलिमीटर काचेसह सात किलोच्या वर जाते. लाकडी असेल तर तिला तीन बिजागऱ्या लावा, दोन पुरत नाहीत.

स्लायडिंग घ्यायची तर जिथे बाहेर झडप उघडायला जागाच नाही तिथे घ्या. तीन ट्रॅकची घेऊन तिन्हींत काच टाकली तर दोन तृतीयांश उघडते. तिसऱ्यात जाळी टाकली तर पुन्हा निम्मीच. काचेच्या पट्ट्यांची खिडकी न्हाणीघराला उत्तम, पण पट्ट्या बाहेरून सरकवून काढता येतात, तेव्हा ग्रिल लावाच.

घराला एकच दार असेल तर एका ग्रिलला आतून उघडणारं, माणूस बाहेर पडेल एवढं फाटक ठेवा आणि त्याची किल्ली तिथेच खिळ्याला अडकवा. आग लागली तर दुसरी वाट नसते.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर

ओटा ३३ इंचांवर असेल तर खिडकीचा उंबरा ४२ ते ४४ इंचांवर घ्या. मध्ये टाइल्सची एक ओळ बसते आणि फोडणी काचेवर उडत नाही. शेगडी खिडकीच्या अगदी समोर नको, वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस सुरूच राहतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, वरच्या खिडकीतून निघून जात नाही. म्हणून सिलिंडरजवळच्या बाहेरच्या भिंतीत जमिनीला लागून सहा बाय नऊ इंचांचं जाळी लावलेलं भोक ठेवा. एक्झॉस्ट पंखा खिडकीच्या शेजारी बसवू नका. तो खिडकीतलीच हवा ओढून बाहेर टाकतो, धूर घरातच राहतो. पंखा शेगडीवर आणि हवा यायची वाट त्याच्या समोरच्या बाजूला.

न्हाणीघराला दोन बाय दोनची, पूर्ण उघडणारी खिडकी पुरते. गॅस गीझर त्या बंदिस्त खोलीत बसवू नका. बंद जागेत तो ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो आणि माणूस अंघोळ करतानाच बेशुद्ध पडतो. गीझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर लावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्या.

माप, ऑर्डर आणि बसवणं

माप प्लास्टर झाल्यावरच घ्या. रुंदी खाली, मध्ये, वर. उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून १० मिलिमीटर वजा करा. दोन्ही कर्ण मोजा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी गवंड्याकडून कोपरा सरळ करून घ्या. वाकड्या भोकात बसवलेली चौकट पिळली जाते आणि वर्षभरात झडप घासायला लागते. टफन काच बनल्यावर कापता येत नाही, तिचं माप दोनदा तपासा. जुन्या वाड्यांच्या सागवानी खिडक्या वापरायच्या असतील तर त्या बांधकामाआधी आणून ठेवा आणि भोक त्यांच्या मापाचं सोडा. चौकटीच्या तळाला चाकू टोचून वाळवी बघून घ्या.

ॲल्युमिनियम घेताना सेक्शनची, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीची, जाडी विचारा आणि स्वतः मोजा. पातळ सेक्शन दाबल्यावर हाताला वाकतं, ते नको. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) असेल तर आत स्टीलची पट्टी आहे का ते चौकट जोडण्याआधी कापलेल्या टोकातून बघा. समुद्राजवळ सगळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत, साध्या स्क्रूचा गंज दोन पावसाळ्यांत चौकटीवर उतरतो. उंदरांचा त्रास असेल तर नायलॉन किंवा फायबरची जाळी नको, स्टीलची घ्या. आणि भाव चौरस फुटाला ठरवताना काच, जाळी, सिलिकॉन, फिटिंग आणि जीएसटी धरून की सोडून, हे कागदावर लिहून घ्या.

खिडकी गळते ती बहुतेक वेळा काचेतून नाही, उंबऱ्यातून गळते. बाहेरच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतार द्या, फरशी भिंतीच्या पुढे एक-दोन इंच काढा आणि तिच्या खालच्या बाजूला कडेपासून अर्धा इंच आत एक खाच मारा. छज्जाच्या खालीही तशीच. पाणी खाचेपाशी तुटून खाली पडतं, भिंतीवर ओघळत नाही. स्लायडिंगच्या ट्रॅकला बाहेर पाणी जायची भोकं असतात, ती सिमेंट किंवा सिलिकॉनने बुजलेली नाहीत ना, हे काडी घालून बघा.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी नळी लावून प्रत्येक खिडकीवर बाहेरून, तिरकं, दहा मिनिटं पाणी मारा. एक माणूस आत कोरडं फडकं घेऊन खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर फिरवत राहू दे. फडकं ओलं झालं तर सिलिकॉन काढून पुन्हा भरायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी परत पाणी मारून बघा.