ऑटोमॅटिक वॉशमध्ये गाडी धुताना रंगावर चरे कसे टाळावेत

पंपावरच्या मोठ्या फिरत्या ब्रशांमध्ये गाडी घातली की रंगावर चरे पडतात का? पडू शकतात. पण ते बहुतेक वेळा ब्रशच्या धाग्यांमुळे पडत नाहीत, तर ब्रश आणि रंग यांच्यामध्ये सापडलेल्या मातीमुळे पडतात. म्हणून काळजी घ्यायची ती माती आधी उतरवण्याची.

गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50 मायक्रॉनचा, आणि गाडीची चमक त्याच्यावरच अवलंबून असते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात. वाळूतला क्वार्ट्झ हा खनिज, कठीणपणा मोजणाऱ्या 1 ते 10 च्या मोहस् मापनपट्टीवर 7 कठीणतेचा, म्हणजे साध्या सुरीच्या पोलादापेक्षाही कठीण. असे कण ब्रशखाली घासले गेले की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं.

आधी मशीन बघा

रांगेत लागण्यापूर्वी उतरा आणि पुढची गाडी धुताना पाहा. ब्रश गाडीला लागण्याआधी पाण्याचा जोरदार फवारा आणि शॅम्पू पडतोय का? ब्रश कोरडेच फिरायला लागत असतील तर सरळ परत फिरा. जुन्या पद्धतीचे कडक प्लास्टिकचे धागे असतील तर धोका जास्त. मऊ फोमच्या पट्ट्या किंवा कापड असेल तर कमी. आणि पुढे चिखलाने माखलेली जीप नुकतीच धुऊन गेली असेल तर थांबा. तिची माती ब्रशमध्ये उरलेली असू शकते, आणि ती तुमच्या गाडीवर येईल.

आत जाण्यापूर्वी जेट मारून घ्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. पावसाळ्यात कोकणातून लाल माती घेऊन आलेली किंवा बांधकामाशेजारी उभी राहून सिमेंट-वाळूने भरलेली गाडी थेट ब्रशखाली घालू नका. आधी साध्या पाण्याचा जेट वरून खाली मारून घ्या: छप्पर, काचा, बॉनेट, दरवाजे. चाकांच्या कमानी आणि दरवाजांचा खालचा भाग यांवर जास्त वेळ द्या, कारण जाड माती तिथेच साचते. नोझल रंगापासून किमान फूटभर लांब हवं. जिथे रंगाचा टवका आधीच उडालाय, तिथे जेट जवळून मारला तर तो आणखी सुटतो.

पंपावर जेटची सोय आहे का, हे विचारायला संकोच करू नका. दोन मिनिटांचं हे काम मशीनच्या कुठल्याही महागड्या पॅकेजपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

गाडी तयार करा

अँटेना फिरवून काढता येत असेल तर काढा, आरसे मिटवा, काचा आणि सनरूफ नीट बंद करा. वायपर बंद ठेवा. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असतील तर ती सोय बंद करायला विसरू नका, नाहीतर ब्रशमध्ये अडकून वायपरचा दांडा मोडतो. छतावर कॅरियर असेल किंवा बंपर क्लिपमधून सुटून हलत असेल, तर ब्रशच्या मशीनचा विचारच सोडा. पट्ट्यावरून गाडी पुढे सरकणारं मशीन असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक खाली आणि ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद.

मॅट रंगाची गाडी ब्रशखाली कधीच नको; त्यावर घासून आलेली चमक पॉलिशने घालवता येत नाही. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर महिनाभर थांबा आणि गॅरेजवाल्याला विचारूनच घाला. काळ्या गाडीवर चरे पडत जास्त नाहीत, पण दिसतात मात्र सगळ्यात जास्त.

ब्रशच नसलेलं, फक्त जेट आणि शॅम्पूवर चालणारं मशीन मिळालं तर चऱ्यांच्या दृष्टीने ते उत्तम. मात्र न घासता मळ काढायचा म्हणून त्यात शॅम्पू बऱ्याचदा तीव्र वापरतात. त्याने वॅक्स लवकर उतरतं, तेव्हा ते पुन्हा लावत राहा.

पुसताना

बाहेर आल्यावर मळका फडका घेऊन पुढे येणाऱ्याला नम्रपणे थांबवा. आपलं स्वच्छ, मोठं मायक्रोफायबर कापड जवळ ठेवा आणि घासण्याऐवजी टेकवून पाणी टिपून घ्या. बोअरचं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी उन्हात सुकू दिलं तर पांढरे डाग राहतात, म्हणून हे सावलीत करा.

आणि इथे मला कळकळीने सांगावंसं वाटतं की मशीनला घाबरणाऱ्या कित्येकांच्या गाड्या रोज सकाळी सोसायटीत कोरड्या फडक्याने पुसल्या जातात. रात्रभर बसलेली धूळ पाण्याशिवाय घासायची, आणि तीही रोज! अधूनमधून मशीनमध्ये नीट धुण्यापेक्षा हे रंगाला जास्त घातक आहे. पुसणाऱ्याचा यात दोष नाही. एकाच बादलीत सगळ्या गाड्या उरकायला आपणच त्याला लावतो. त्याला दोन बादल्या द्या, एक शॅम्पूची आणि एक कापड खळबळून घ्यायची. रोजऐवजी आठवड्यातून दोनदा धुवायला सांगा, पगार तोच ठेवून.

चरे पडलेच असतील तर

गाडी धुऊन, सावलीत उभी करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. बॉनेटवर समांतर सरळ रेषा दिसल्या तर बहुधा ब्रशच्या. वेड्यावाकड्या, गोल वळणाच्या दिसल्या तर हाताने पुसण्याच्या. आता चऱ्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने चरा जातो. अडकलं तर तो खोल आहे, तिथे टच-अप किंवा पुन्हा रंग. पॉलिश दरवेळी क्लिअर कोटचा थोडा थर काढूनच चमक आणतं, म्हणून दर सर्व्हिसला ‘रबिंग-पॉलिश करून देऊ का?’ असं विचारलं तर नाही म्हणा.